जुन्या कळपात नव्या तलंगा

(परिसर अभ्यास, इयत्ता चौथी व पाचवी. शिक्षकांसाठी पाठाची रूपरेषा)

पाठाचे प्रयोजन

पनवेल तालुक्यातील उलवे आणि त्याच्या आसपासची गावे ही एके काळी भातशेतीची, खाडीची आणि मिठागरांची गावे होती. नवी मुंबई विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी इत्यादी दहा गावांना आपली जागा सोडावी लागली व तेथील कुटुंबे नव्या वसाहतींत गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात विमानांची ये-जा सुरू झाली. परिसराचे रूप असे पालटले, तरी उंच इमारतींच्या मधून राहिलेल्या गावठाणांत आणि पुनर्वसनाच्या घरांच्या परसात कोंबड्याची बांग अद्याप ऐकू येते. मुलांच्या रोजच्या पाहण्यातील हा पक्षी आहे. परंतु जे रोज दिसते ते नीट पाहिले जातेच असे नाही. ते पाहण्याची सवय लावणे हे परिसर अभ्यासाचे काम होय.

जुन्या कोंबड्यांची अंडी कमी झाली, की घरची मंडळी बाजारातून किंवा फिरत्या विक्रेत्याकडून दोन-अडीच महिन्यांच्या तलंगा विकत आणतात. अंड्यावर येण्यापूर्वीच्या वयातील मादीस तलंग म्हणतात. पशुसंवर्धन खात्याच्या योजनांतूनही आठ ते दहा आठवडे वयाच्या २५ तलंगा व ३ नर असा गट लाभार्थींना देण्यात आलेला आहे. संध्याकाळी टोपलीतून आलेल्या ह्या तलंगा बहुधा त्याच घटकेला जुन्या खुराड्यात सोडल्या जातात. सकाळी दार उघडावे, तो एखादीचे डोके फुटलेले असते, एखादी कोपऱ्यात मरून पडलेली असते. पुष्कळदा तीच तलंग घरातील लहान मुलाने आपली म्हणून निवडलेली असते. ‘जुन्या कोंबड्या दुष्ट आहेत’ असे मूल म्हणते आणि मोठी माणसे ‘असे व्हायचेच’ म्हणून गप्प बसतात. ह्या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, हे ह्या पाठातून मुलांना उमगावे.

पूर्वतयारी

पाठापूर्वी आठ दिवस शिक्षकाने ज्या मुलांच्या घरी किंवा शेजारी कोंबड्या आहेत त्यांची नोंद घ्यावी. खुराड्यात सकाळी दाणे टाकताना पहिली चोच कोण मारते, कोणाला मागे हटावे लागते आणि रात्री दांडीवर कोण कोठे बसते, एवढेच त्यांना लांबून पाहून येण्यास सांगावे. तारेच्या जाळीचा तुकडा, बांबूचे डालगे, मूठभर भाताची कणी आणि खाडीकाठच्या तिसऱ्यांचे किंवा कालवांचे शिंपले एवढे साहित्य वर्गात पुरे. जिवंत कोंबडी वर्गात आणू नये.

प्रस्तावना

पाठाचा आरंभ पुढील प्रश्नांनी करावा. खुडूक कोंबडी म्हणजे काय? ती अंड्यांवर किती दिवस बसते? पिल्ले घेऊन ती अंगणात आली म्हणजे दुसरी कोंबडी जवळ येताच ती काय करते?

अंड्यांवर एकवीस दिवस बसणे, पिसे फुलवून अंगावर धावून जाणे, पिल्लांना पंखाखाली घेणे, ही उत्तरे मुले सहज देतील. मग शिक्षकाने विचारावे, “उबवणी यंत्रातून निघालेल्या पिल्लांसाठी हे कोण करील?” ह्या प्रश्नापाशी थोडे थांबावे. पाठाचे मर्म येथेच आहे.

विषयविवेचन

*१. आईचे काम.* घरच्या कोंबडीने उबवलेले पिल्लू जन्मापासून कळपाच्या नजरेसमोर वाढते. आई त्याला दाणे टिपावयास शिकवते, धोका दिसताच हाक मारते आणि इतर कोंबड्यांना त्याच्यापासून दूर ठेवते. दोन महिन्यांनी ती त्याला सोडून देते, तेव्हा कळपाला ते ओळखीचे झालेले असते. त्याला कळपात ‘आणावे’ लागत नाही. यंत्रातून जन्मलेल्या तलंगेला अशी आई नसते. तिने जुनी कोंबडी कधी पाहिलेली नसते व जुन्या कोंबडीने तिला पाहिलेले नसते. म्हणून आईने दोन महिन्यांत जे काम सहज केले असते, ते पाळणाऱ्याला जाणीवपूर्वक करावे लागते. पुढे सांगितलेला प्रत्येक उपाय हा त्या कामाचाच एक भाग आहे.

*२. कळपातील क्रम.* कोंबड्यांच्या कळपात प्रत्येकीचे स्थान ठरलेले असते. पहिली कोंबडी सर्वांना टोचू शकते, दुसरी पहिलीखेरीज इतरांना, आणि शेवटची कोणालाच नाही. थॉर्लाइफ शेल्डरुप-एब्बे ह्या नॉर्वेच्या संशोधकाने हा क्रम शास्त्रीय रीतीने प्रथम मांडला. त्याचा निबंध १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु कोंबड्यांचे निरीक्षण करून नोंदी ठेवण्याचा नाद त्याला लहानपणीच लागला होता. अंगणात बसून कोंबड्या पाहणाऱ्या मुलाच्या वहीतून एक शास्त्रीय शोध निघाला, हे मुलांना अवश्य सांगावे.

हा क्रम म्हणजे केवळ भांडण नव्हे. एकदा तो ठरला, की भांडणे कमी होतात. नुसत्या नजरेने किंवा मान उंचावल्याने खालची कोंबडी बाजूला होते आणि सर्वांना खाणे मिळते. कोंबड्या एकमेकींना मुख्यत्वे डोके व तुरा ह्यांवरून ओळखतात. काही आठवडे दूर ठेवलेली कोंबडी परत आली, तर तिला पुष्कळदा पाहुणीप्रमाणे नव्याने स्थान मिळवावे लागते. नवी तलंग आली, की हा ठरलेला क्रम मोडतो आणि तो पुन्हा ठरेपर्यंत टोचणे होणारच. ते संपूर्ण टाळता येत नाही. परंतु त्यात जीव जाणार नाही अशी व्यवस्था करता येते. ही व्यवस्था तीन टप्प्यांत करावयाची असते.

*३. पहिला टप्पा: दूर.* नव्या तलंगा आणल्यावर सुमारे एक महिना त्यांना जुन्या कळपापासून शक्य तितक्या दूर, घराच्या दुसऱ्या बाजूस ठेवावे. हा टप्पा भांडणासाठी नसून रोगासाठी आहे. बाहेरून आलेला पक्षी वरून निरोगी दिसला, तरी त्याच्या अंगी रोग असू शकतो. राणीखेत हा रोग कुमाऊंतील राणीखेत गावाच्या नावाने आपल्याकडे ओळखला जातो. त्यावर औषध नाही; प्रतिबंधक लस तेवढी आहे. ती पिल्लू पाच ते सात दिवसांचे असताना व पुन्हा आठव्या आठवड्याच्या सुमारास दिलेली आहे काय, हे विक्रेत्याला विचारावे आणि शंका असल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. पंखाखाली उवा किंवा गोचिडी आहेत काय, विष्ठा पातळ किंवा रक्तमिश्रित आहे काय, श्वास घेताना घरघर होते काय, हे रोज पाहावे.

दाणापाणी करताना क्रम पाळावा. आधी जुन्या कळपाचे व शेवटी नव्यांचे काम करावे. दोन्हीकडची भांडी वेगळी असावीत. नव्यांकडून परत येताना हात साबणाने धुवावेत आणि पायांतील चपला बदलाव्यात.

एवढी काळजी कशासाठी, ह्याचे उत्तर फार लांब शोधावयास नको. १९३० च्या जंगल सत्याग्रहासाठी प्रसिद्ध असलेल्या उरण तालुक्यातील चिरनेर गावी जानेवारी २०२५ मध्ये कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला आणि बाधित क्षेत्रातील कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. हा रोग वन्य पक्ष्यांकडून, खरेदी-विक्रीतून, तसेच भांडी-चपलांच्या संसर्गातूनही पसरू शकतो. तो आढळला म्हणजे शासनाच्या नियमाप्रमाणे त्या जागेभोवतीच्या एक किलोमीटर क्षेत्रातील पाळीव कोंबड्या, त्या निरोगी दिसत असल्या तरी, माराव्या लागतात. एका परसातील आजार शेजाऱ्याच्या खुराड्यावरही असा येतो. तेव्हा महिनाभर वेगळे ठेवणे ही स्वतःपुरती काळजी नव्हे. ते शेजारधर्माचे पालन आहे.

*४. दुसरा टप्पा: जाळीआड.* महिना निरोगी गेला म्हणजे नव्या तलंगांना जुन्या कळपाजवळ आणावे, पण मध्ये तारेची जाळी असावी. दोन्ही बाजूंच्या पक्ष्यांना एकमेकांचे तुरे दिसावेत, आवाज ऐकू यावेत, परंतु चोच पोहोचू नये. जाळीची भोके लहान असावीत व खालची बाजू जमिनीत थोडी पुरलेली असावी. मुंगुसालाही त्यामुळे अडसर होतो. दाण्याची भांडी दोन्ही बाजूंनी जाळीजवळ ठेवावीत, म्हणजे दोन्ही कळप शेजारी शेजारी चरतील.

प्रथम जुन्या कोंबड्या जाळीवर धावून जातील. दोन-चार दिवसांत त्यांचे धावणे कमी होईल आणि दहा-पंधरा दिवसांत त्या तिकडे फारसे लक्षही देणार नाहीत. हे दुर्लक्ष हेच ओळख झाल्याचे चिन्ह होय. आईच्या पंखामागून पिल्लू कळपाला जसे दिसत राहते, तसेच जाळीमागून तलंग दिसत राहते.

ह्याच काळात खाद्याचा प्रश्न सोडवावा. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात कवचासाठी सुमारे साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते. वाढत्या तलंगांना सुमारे एक टक्का पुरते. जास्त कॅल्शियम दीर्घकाळ पोटात गेल्यास कोवळ्या पक्ष्यांच्या मूत्रपिंडांना अपाय होतो. उपाय सोपा आहे. सर्वांना वाढीचे खाद्य द्यावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. जिला गरज आहे ती कोंबडी तो आपण होऊन खाते. खाडीकाठच्या गावांत शिंपल्यांना तोटा नाही. ते स्वच्छ धुऊन, वाळवून, कुटून घ्यावेत.

*५. तिसरा टप्पा: एकत्र.* आठ ते दहा आठवड्यांची आणलेली तलंग एक महिना दूर व दोन आठवडे जाळीआड राहिली, म्हणजे ती चौदा ते सोळा आठवड्यांची होते. आता ती जुन्या कोंबडीच्या अंगलटीस येऊ लागलेली असते. त्यापूर्वी घाई केल्यास लहान अंगाचा पक्षी मोठ्याच्या चोचीखाली सापडतो.

एकत्र सोडताना चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एकटी तलंग कधीही सोडू नये. सर्व नव्या एकाच वेळी सोडाव्यात, म्हणजे टोचणे एकीच्याच वाट्यास येत नाही. पहिली भेट बंद खुराड्यात न घडवता मोकळ्या अंगणात, घरी माणूस असताना घडवावी. खाण्यापिण्याची भांडी दोन किंवा तीन ठिकाणी, एकमेकांपासून दूर ठेवावीत, कारण वरचढ कोंबडी एका भांड्यावर पहारा करू शकते, तिन्हींवर नाही. भिंतीला टेकवलेली फळी, उलटे ठेवलेले डालगे किंवा झुडूप असा आडोसा ठेवावा. मात्र त्याला दोन्ही बाजूंनी वाट असावी. एकच तोंड असलेला कोपरा हा आसरा नसून सापळा ठरतो.

घरी जुना कोंबडा असल्यास आणि नव्या गटात नर असल्यास सर्वच नर एका अंगणात ठेवण्याचा आग्रह धरू नये. साधारणपणे दहा माद्यांमागे एक नर पुरतो. कोकणातील भर पावसाचे दिवसही ह्या भेटीसाठी टाळावेत, कारण तेव्हा पक्षी दिवसभर खुराड्यात दाटीने राहतात.

*६. टोचणे कोठवर चालू द्यावे?* पाठलाग, एखादे पीस उडणे, तुऱ्यावर एखादी चोच एवढ्यावर मध्ये पडू नये. दर वेळी माणूस धावून गेला, तर क्रम ठरतच नाही. परंतु रक्त दिसताच जखमी तलंगेला तत्काळ बाजूस काढावे, कारण लाल रंग दिसला की इतर कोंबड्याही तेथेच टोचू लागतात. जखम स्वच्छ धुऊन ती भरेपर्यंत तिला जाळीआड, कळपाला दिसेल अशा जागी ठेवावे. एखादी जुनी कोंबडीच सतत छळ करीत असेल, तर काही दिवस तिलाच वेगळे ठेवावे. ती परत येते तेव्हा नवख्या तलंगांना तेथे थोडा जम बसलेला असतो. बहुतेक कळप दोन ते चार आठवड्यांत स्थिर होतात. रात्री नव्या व जुन्या कोंबड्या एकाच दांडीवर शेजारी बसू लागल्या, म्हणजे काम पुरे झाले.

*७. जागेचे गणित.* हा भाग अंकगणिताशी जोडून शिकवावा. समजा, एका घरी ६ जुन्या कोंबड्या असून त्यांचे खुराडे ५ फूट लांब व ४ फूट रुंद आहे. त्यात २५ तलंगा व ३ नर यांची भर पडली. मोठ्या पक्ष्याला २ चौरस फूट जागा धरल्यास किती जागा हवी?

एकूण पक्षी ३४. लागणारी जागा ६८ चौरस फूट. असलेली जागा २० चौरस फूट. दांडीवर प्रत्येकास ८ इंच धरल्यास २७२ इंच, म्हणजे २२ फूट ८ इंच दांडी हवी. हे उत्तर फळ्यावर आले, म्हणजे मुलांना आपोआप कळेल की पुष्कळ ठिकाणी ज्याला ‘दुष्टपणा’ म्हटले जाते ती वस्तुतः दाटी असते. खुराडे मोठे करावे किंवा पक्षी कमी आणावेत, ह्याखेरीज तिसरा उपाय नाही. पुनर्वसनाच्या घरांना परसू लहान असते. तेथे तर हा हिशेब कोंबड्या आणण्यापूर्वीच करावयास हवा.

सावधगिरी

आजारी किंवा मेलेल्या पक्ष्याला मुलांनी हात लावू नये. कोंबड्यांपाशी काम केल्यावर हात साबणाने धुवावेत. एकाच वेळी अनेक कोंबड्या मेल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यास किंवा १९६२ ह्या टोल-फ्री क्रमांकावर कळवावे व तोवर एकही पक्षी विकू अगर वाटू नये. मेलेली कोंबडी खाडीत किंवा उकिरड्यावर टाकू नये; मोठ्या माणसांनी ती खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी. उघड्यावरील मेलेल्या जनावरांवर घारी व कावळे जमतात. त्यांतून रोग पसरतो. आणि विमानतळाच्या सान्निध्यात आकाशात जमलेली घार विमानासही धोकादायक ठरते.

शिक्षकांस सूचना

उलवे परिसरातील शाळांत मूळ गावांतील मुलांच्या शेजारी दूरदूरच्या जिल्ह्यांतून व राज्यांतून आलेली मुले बसतात. पाठ चालू असता एखादे मूल “आम्हीपण नवीन आलो होतो” असे म्हणून जाईल. त्याचे बोलणे शांतपणे ऐकून घ्यावे. परंतु माणसांचा समाज कोंबड्यांच्या कळपासारखाच चालतो, असा निष्कर्ष मात्र काढू देऊ नये. कोंबडीला आपला क्रम बदलण्याचा विचार करता येत नाही, माणसाला येतो. पाठातून घ्यावयाचा बोध कोंबड्यांच्या वागण्यात नसून त्यांना पाळणाऱ्याच्या वागण्यात आहे. त्याने दार एकदम उघडले नाही, जागा मोजली, भांडी वाढवली आणि सहा आठवडे धीर धरला.

निरीक्षण व स्वाध्याय

ज्या घरी नव्या तलंगा आलेल्या असतील तेथील मुलांनी वहीत तारीख, पक्ष्यांची संख्या, टोचण्याचे प्रसंग, कोणी कोणास टोचले आणि रात्री कोण कोठे बसले, अशा पाच रकान्यांचा तक्ता करावा व रोज सकाळी दाण्याच्या वेळी पंधरा मिनिटे नोंद करावी. पक्ष्यांना नावे द्यावीत किंवा पायात रंगीत दोरा सैलसर बांधून घ्यावा, म्हणजे ओळखण्यास सोपे जाईल. ज्यांच्या घरी कोंबड्या नाहीत त्यांनी आजीला किंवा शेजारच्या मावशीला जुन्या गावातील खुराड्याविषयी विचारून दहा ओळी लिहून आणाव्यात.

प्रश्न:

१. खुडूक कोंबडीच्या पिल्लाला कळपात ‘आणावे’ का लागत नाही?

२. दूर ठेवण्याचा महिना आणि जाळीआडचे पंधरा दिवस ह्यांच्या उद्देशांत कोणता फरक आहे?

३. जुन्या कळपाचे दाणापाणी आधी व नव्यांचे शेवटी का करावे?

४. आडोशाला दोन वाटा का हव्यात?

५. एका घरी ४ जुन्या कोंबड्या आहेत व खुराडे ६ फूट लांब, ४ फूट रुंद आहे. तेथे आणखी किती तलंगा आणता येतील?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर आठ येते. परंतु एखाद्या मुलाने “आठ येतील, पण आम्ही सहाच आणू” असे म्हटले, तर त्याला पाठ उत्तम समजला असे मानावे.